नवव्या दिवसाचा ब्लॅकआउट

घंटागाडीवर रोज सकाळी ओल्या-सुक्या कचऱ्याचं गाणं लागायचं. त्या दिवशी लागलं नाही. त्याऐवजी एका बाईचा आवाज सांगत होता की आज संध्याकाळी पावणेआठ ते आठ शिरूर शहरात नागरी संरक्षणाचा सराव आहे, भोंगा वाजला की घरातले सगळे दिवे बंद करावेत, इन्व्हर्टर बंद करावा, मोबाईलची बॅटरी लावू नये, आणि देवापुढचा दिवासुद्धा बाहेर उजेड दिसेल असा ठेवू नये. ज्ञानू ओट्यावर मिश्री लावत बसला होता. बोट तोंडातच राहिलं. सीमेवर लढाई सुरू झाल्याचं त्यानं ऐकलं होतं, पण बायको म्हाळसा गेली तेव्हापासून घरातला टीव्ही बंद होता, त्यामुळं लढाई त्याच्यापर्यंत शेजारच्या भिंतीतून येणाऱ्या आवाजाएवढीच पोचली होती. आता ती गल्लीत आली होती आणि नेमकं दिव्याचं बोलत होती. गाडी पुढं गेली, कोपऱ्यावर वळली, तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आतून त्याची लेक मोनिका म्हणाली, "आप्पा, ते आपल्याला लागू न्हाई. सुतकाच्या घराला कोन इचारतंय." ज्ञानूनं चूळ भरली.

मधल्या खोलीत, जिथं म्हाळसाची खाट होती तिथं, आता खाट नव्हती. परातीत पीठ पसरलेलं, पिठावर पणती, आणि वर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलेलं. डालग्याच्या विणीतून उजेड बाहेर यायचा आणि भिंतीवर जाळी पडायची. ज्या जागी माणसाचा जीव जातो तिथं दहा दिवस दिवा ठेवायचा, तो विझू द्यायचा नाही, म्हणजे गेलेल्या माणसाला आपलं घर सापडतं. हे ज्ञानूच्या भावकीत कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, सगळ्यांना ते माहीत असायचं. मयताच्या दिवशी भावकीतला म्हातारा गेणबा काठी टेकत आत आला होता. रडणाऱ्या बायांना त्यानं बाजूला केलं आणि विचारलं, "जीव कुठं गेला?" ज्ञानूनं खाटेकडं बोट केलं. "हितं." तेवढंच. गेणबानं मान हलवली, खाट उचलायला सांगितली आणि पोरींना म्हणाला, पीठ आणा. नऊ दिवस झाले होते. ज्ञानू दर तीन तासांनी पणतीत तेल घालत होता, वातीची काजळी काढत होता. मोनिकानं दोनदा म्हटलं होतं, तुम्ही पडा जरा, मी बघते. तो पडत नव्हता. लोकांना वाटायचं, म्हातारा बायकोचं किती करतो. आणि दर वेळी डालगं उचलताना ज्ञानूच्या मनात एकच गोष्ट यायची, की जागा चुकीची आहे.

म्हाळसाचा जीव खाटेवर गेला नव्हता. तो अमजदच्या गाडीत गेला होता, मागच्या सीटवर, शिक्रापूरच्या चौकात. सकाळपासून तिला धाप लागलेली, पायांवर सूज, ओठ काळवंडलेले. शिरूरच्या डॉक्टरनं दोन मिनिटं छातीला नळी लावली आणि म्हणाला, पुण्याला न्या, लगेच. अमजद शेजारचाच, त्याची इको तळेगावला बाजाराच्या फेऱ्या मारायची, तीच काढली. कारेगाव मागं पडलं, रांजणगाव मागं पडलं, आणि शिक्रापूरला गाडी थांबली ती थांबलीच. चाकणकडं वळणारे ट्रक तीन-तीन पदरी लागले होते. पुढं एक कंटेनर आडवा, मागं एक कंपनीची बस. पाऊण तास. अमजद दोनदा उतरून पुढं पळत गेला, लोकांच्या हातापाया पडला, कंटेनरवाला हात हलवून हिंदीत काहीतरी सांगत होता. ज्ञानूच्या खांद्यावर म्हाळसाचं डोकं होतं. एका क्षणी ते जड झालं. आधीही जडच होतं, पण हे जड वेगळं होतं. ज्ञानू बराच वेळ तसाच बसून राहिला, मग अमजदला म्हणाला, "गाडी फिरव." अमजदनं आरशात बघितलं, उतरून मागची बस मागं घ्यायला लावली आणि गाडी फिरवली. येताना रस्ता मोकळा होता. ज्ञानू सगळी वाट एकच विचार करत होता. बाहेर मेलेल्या माणसाला भावकी उंबऱ्याच्या आत घेत नाही. अंगणात मांडव घालतील, तिथंच उघड्यावर अंघोळ घालतील, अपघातातल्या माणसासारखी. तिनं बारा वर्षं पैसे साठवून त्या घराला फरशी बसवली होती. म्हणून गल्लीत शिरताना त्यानं अमजदला सांगितलं, "आजारीच हाय म्हनायचं. आत नेऊन झोपवू." दोघांनी तिला धरून चालवत नेल्यासारखं नेलं, खाटेवर झोपवलं, तोंडापर्यंत चादर घेतली. समोरच्या ओट्यावरून कुणीतरी विचारलं, "का वो, परत आणलं?" अमजद म्हणाला, "लई ट्राफिक हाय, दुपारनं जाऊ." अर्ध्या तासानं ज्ञानूनं हंबरडा फोडला. तो हंबरडा खरा होता. मग त्यानं मोनिकाला फोन लावला.

दुपारी अमजद आला. अंगावर नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी. नगरपरिषदेनं प्रत्येक वॉर्डाला चार स्वयंसेवक नेमले होते, त्यात त्याचं नाव होतं. ते त्यानं स्वतःच दिलं होतं, यादी लागली त्याच दिवशी, सगळ्यांच्या आधी. दिलं नसतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण न म्हणणाऱ्यांची तोंडं रोज बघायची त्याची तयारी नव्हती. ज्ञानूला ते समजत होतं. बायकोनं, राबियानं, पाठवलेला पिठलं-भाकरीचा डबा त्यानं ओट्यावर ठेवला आणि उकिडवा बसला.

"लई शोभतंय," ज्ञानू म्हणाला. "गॅस सिलेंडरवाल्यासारखा दिसतूस."

"हसा. सकाळधरनं हसत्यातच समदे. मारुतराव म्हनला, अमजद, विमानवाल्याला शिरूर सापडायचं म्हंजी आधी शिक्रापूरच्या ट्राफिकमधनं यावं लागंल." हे बोलल्यावर तो एकदम थांबला आणि जाकिटाची चेन वरखाली करत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, दिव्याचं काय करायचं?"

"मोनी म्हनती, आपल्याला लागू न्हाई."

"तसं मी लिवून देतो. माझ्याच गल्लीत हाय. पर वरनं ड्रोन फिरवून शूटिंग घेनार हायेत. एक खिडकी जरी दिसली तरी..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"तुला बोल लागंल."

"मला लागू द्या वो. त्याचं काय न्हाई." अमजद उठला. "उद्या दहावा झाला की सुटलं मग."

सुटलं म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. नऊ दिवसांत अमजद रोज आला होता, बायांना चहा दिला होता, लाकडं आणली होती, आणि एकदाही ज्ञानूच्या डोळ्यांकडं त्यानं सरळ बघितलं नव्हतं.

ज्ञानूला ड्रिल नवीन नव्हतं. कारेगावच्या कंपनीत सव्वीस वर्षं तो गेटवर होता, तिथं सहा महिन्यांनी एकदा भोंगा वाजायचा, सगळे हसत मैदानात जमायचे, आणि एकदा सेफ्टीच्या साहेबानं त्यालाच जखमी केलं होतं. शर्टाला लाल रंग लावला, स्ट्रेचरवर घातला, चार पोरांनी उचलून पळवत ॲम्ब्युलन्सपर्यंत नेला. साडेतीन मिनिटं लागली. साहेबानं घड्याळ दाखवून सांगितलं, साडेतीन मिनिटं, व्हेरी गुड. मग चहा आणि बिस्कीट. ड्रिलमध्ये माणूस मरतो आणि चहाला उठतो. तो शर्ट म्हाळसानं दोनदा धुतला, तरी डाग गेला नाही, ती म्हणाली, कंपनीनं रगत तरी चांगल्या प्रतीचं वापरलंय.

त्याच्याही आधीची एक आठवण होती, पण ती त्याची होती की आईनं सांगून सांगून त्याची झाली होती, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं. तो आठ-नऊ वर्षांचा असेल. बांगलादेशची लढाई. त्यांचा वाडा तेव्हा दौंडजवळ, भीमेच्या अंगाला एका पाटलाच्या शेतात बसला होता. वाडा म्हणजे मेंढरांचा, चारी बाजूंनी जाळी लावलेली, आणि बाजूला धुनी, कारण त्या भागात लांडगा फार. दौंडला रेल्वेचं मोठं ठाणं, त्यामुळं गावात खिडक्यांना काळे कागद, सायकलच्या दिव्यालासुद्धा अर्धा काळा रंग. दिवेलागणीला एक पोलीस सायकल ढकलत शेतातून आला आणि म्हणाला, विस्तू विझवा, विमानाला दिसंल. बाप म्हणाला, साहेब, विमानाला मेंढरं दिसत नसतील, लांडग्याला दिसतात. पोलिसानं काठी आपटली. बापानं माती ओढली, धुनी झाकली, पोलीस गेला. आईनं मात्र आधीच दोन निखारे काढून लोखंडी घमेल्याखाली घातले होते. लांडगा आलाच, दोन कोकरं नेली, आणि बापानं घमेलं उचललं तेव्हा खाली राख होती. झाकलेला विस्तू जगत नाही, हवा लागते त्याला, हे बाप आईला कितीतरी दिवस ऐकवत होता. आई म्हणायची, मग तुमी उघडा का न्हाई ठिवला? ज्ञानूला तेव्हा लांडग्याची भीती वाटली नव्हती. आणखी कुठं विस्तू आहे का, असं पोलीस विचारत होता तेव्हा आईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, त्याची वाटली होती. घमेल्याच्या पुढ्यात बसून ती ज्ञानूच्या डोक्यातल्या उवा बघत होती.

संध्याकाळ झाली तशी गल्लीत जत्रेसारखं वातावरण झालं. पोरं गच्च्यांवर चढली. कुणी म्हणत होतं, दुकानदारांनी मेणबत्त्या आत ठेवल्यात. मोनिकानं सात वाजताच ज्ञानूच्या बापाच्या वेळची काळी घोंगडी पेटीतून काढली, खुर्चीवर चढून मधल्या खोलीच्या खिडकीवर खिळ्यांना अडकवली, दाराखालच्या फटीत पोतं दाबलं, आणि बाहेर जाऊन बघून आली. आत आल्यावर तिच्या चेहऱ्यावर नऊ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी जमल्याचं समाधान होतं. "कायसुद्धा दिसत न्हाई, आप्पा. आईचा दिवाबी ऱ्हायला आन् अमजदभाईचं नाकबी ऱ्हायलं." ती तळेगाव ढमढेऱ्याला दिलेली, एक पोर, नवरा शिक्रापूरला कंपनीत. आईसारखीच बोलायची, वाक्य संपायच्या आत पुढचं काम हातात घ्यायची.

पावणेआठला भोंगा झाला. ज्ञानूला वाटलं होतं कंपनीसारखा वाजेल, पण हा खालून वर चढत गेला, वर जाऊन थरथरला, पुन्हा खाली आला. नकळत तो उठून उभा राहिला. सव्वीस वर्षांची सवय. मोनिकानं बटणांकडं हात नेला, तेवढ्यात वीजच गेली. समोरचं घर गेलं, त्यामागची बिल्डिंग गेली, रस्त्यावरचे दिवे एकदम गेले. पंखे थांबले. मग कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं आणि कुत्री. पोरं ओरडत होती ती हळूहळू गप्प झाली, त्यांनाही काहीतरी वाटलं असावं. अमजदची शिट्टी लांबून जवळ आली. "ए, मोबाईल! तिसरा मजला, मोबाईल बंद कर!" त्याचा आवाज अंधारात निराळाच, हुकमी वाटत होता. तो त्यांच्या घरापुढं थांबला. चपलांचा आवाज थांबला. खिडकीकडं बघत असेल. मग तो अगदी बेतानं म्हणाला, "आप्पा, वक्के हाय. कायबी दिसत न्हाई," आणि पुढं गेला.

सगळ्या गावात तेवढाच दिवा जळत होता. ज्ञानू डालग्यासमोर मांडी घालून बसला. रोज तो दिवा बल्बच्या उजेडात केविलवाणा दिसायचा, आज त्यानं सगळी खोली भरली होती. भिंतीवर, छतावर, मोनिकाच्या लुगड्यावर डालग्याची जाळी पसरली होती. खोलीत उकडायला लागलं, घोंगडीचा वास सुटला. आणि ज्ञानूच्या मनात एक साधा विचार आला, हिशोब चुकल्यावर येतो तसा. हा दिवा तिला घर दिसावं म्हणून. मग घोंगडी कुणापासून टांगली? ती बाहेर आहे. ती हायवेला आहे, कंटेनरच्या मागं, तिला कुणी सांगितलेलंसुद्धा नाही की गाडी फिरवली. चुकीच्या जागी लावलेला दिवा, तोही आता वरून झाकून घेतलेला, आणि त्याच्यापुढं आपण बसलोय, चेहऱ्यावर काही न दाखवता. उद्या नदीवर गेणबा सगळ्यांदेखत विचारील, काय राहिलं असंल तर बोला. आणि आपण हात जोडून म्हणू, काही राहिलं नाही.

त्यानं डालगं उचललं, बाजूला ठेवलं आणि दोन बोटांनी वात चिमटली.

अंधार झाला. वाऱ्यानं गेला असं मोनिकाला आधी वाटलं असावं. मग म्हणाली, "आप्पा? काडेपेटी कुठं हाय? आप्पा, तुम्ही इजवला?"

"व्हय."

"अवो, उद्याचाच दिवस ऱ्हायला हुता. घोंगडी लावली हुती की. कोन काय बोलत हुतं का तुम्हाला?"

"ती हितं गेली न्हाई, मोने." अंधारात बोलणं त्याला सोपं जात होतं, तोंड कुणाचं दिसत नव्हतं. "गाडीत गेली. वाटंतच. हितं आनून झोपवली मी. बाहेरच्या बाहेर ठिवली असती तिला भावकीनं, म्हनून." तो थांबला. ती ओरडेल, उठून जाईल, गेणबाला सांगेन म्हणेल, या सगळ्याला तो नऊ दिवस तयार होता.

"वाटंत कुठं?" मोनिकानं विचारलं.

"शिक्रापूरला. चौकात."

बाहेर अमजदची शिट्टी पुन्हा लांब गेली होती. मोनिकाच्या बांगड्या वाजल्या, मग वाजायच्या थांबल्या.

"किती वेळ हुती गाडी तिथं?"

"पाऊण तास."

"पाऊण तास," ती म्हणाली. "आन् मी घरी शेंगा फोडत बसले हुते. तळेगावातनं चौक चार किलोमीटर हाय, आप्पा. गाडीवर मला धा मिनिटं लागत्यात. मला फोन का न्हाई केला?"

नऊ दिवस ज्ञानू जागेचा विचार करत होता, भावकीचा, उंबऱ्याचा, दिव्याचा. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. एवढं जवळ, एवढं उघड, आणि आलं नव्हतं. "पुन्याला भरती केल्यावर करू म्हनलं," तो म्हणाला. "तू घाबरशील म्हनून."

"तुमचा फोन आल्यावर मी निघाले तवा त्याच चौकात अर्धा तास अडकले. त्याच." तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या डोळ्याम्होरं शिरूर हुतं. मला वाटलं, आई शिरूरला हाय." मग तिनं विचारलं, "ती काय बोलली का?"

काही नाही, हे उत्तर त्याच्याकडं तयार होतं. नऊ दिवसांत सगळ्यांना तेच दिलं होतं, शांत गेली, काही बोलली नाही. अंधारात त्याला तिचं फक्त श्वास घेणं ऐकू येत होतं, आईसारखंच, नाकातून, जरा ओढून.

"इचारलं एकदा," तो म्हणाला. "मोनीचं गाव आलं का."

"आन् तुम्ही काय म्हनलात?"

"म्हनलं, लांब हाय अजून."

मोनिका रडली नाही. रडली असती तर ज्ञानूला काय करायचं ते कळलं असतं. तेवढ्यात भोंगा झाला, या वेळी एकसारखा, सरळ, सरावाची वेळ संपल्याचा. दिवे आले. पंखा फिरायला लागला. समोरच्या गच्चीवर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोनिका भिंतीला टेकून बसली होती, मुठीत काडेपेटी, आणि ती त्याच्याकडं बघत नव्हती. अमजद दारात आला, जाकिटाची चेन उघडलेली, कपाळावर घाम. "आप्पा, आपला वॉर्ड शंभर टक्के. साहेब स्वतः म्हनले..." त्यानं खोलीत बघितलं, मग बाजूला ठेवलेलं डालगं बघितलं.

"अमजदभाई," मोनिका उठली, "गाडी हाय का दारात?"

"हाय. का?"

"शिक्रापूरला जायचंय. ज्या जागी थांबली हुती त्या जागी."

अमजदनं ज्ञानूकडं बघितलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा सरळ बघितलं. "आत्ता? सुतकाचं घर उघडं टाकून? गेणबाआज्याला कळलं तर..."

"राबियाभाभी बसतील की हितं. आन् गेणबाला काय कळायचं ते मी सकाळी कळवते, नदीवर, समद्यांच्या म्होरं." तिनं पायात चप्पल घातली, खिडकीवरची घोंगडी एका हातानं ओढून खाली टाकली. "चला, आप्पा."

ज्ञानूला वाटत होतं, पुढं बसावं, अमजदच्या शेजारी. त्यानं पुढच्या दाराला हात घातला.

"तिथं न्हाई," मोनिका म्हणाली. "तवा बसला हुता तिथंच बसा."

तो मागं बसला, उजव्या अंगाला. मोनिका दुसऱ्या बाजूनं आत आली, त्याच्या शेजारी, म्हाळसा बसली होती त्या जागेवर, आणि तिनं दार ओढून घेतलं.